अर्ध्या तासाची भाकरी

हेमावतीबाईंना गिरणीतल्या बायकांच्या चुलीची फार काळजी होती. नवरा महादेवप्पा, सोलापूरच्या नवी पेठेत कापडाचं मोठं दुकान, शिवाय वच्छला जिथं कामाला होती त्या गिरणीत भागीदारी. घरी स्वयंपाकाला दोन बायका असल्यामुळे हेमावतीबाईंना दुसऱ्याच्या स्वयंपाकाचा विचार करायला भरपूर सवड मिळायची. तो विचार त्यांनी एका पत्रकात छापून घेतला आणि एका रविवारी टांगा करून वच्छलेच्या चाळीत आल्या.

अंगणात सतरंजी अंथरली होती. वच्छला मागच्या बाजूला, मांडीवर सहा महिन्यांची लेक घेऊन बसली. ती हौसेनं आली नव्हती. जी येणार नाही तिचं नाव लिहून घेणार, असं मुकादमानं आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं.

"कामकरी बाईचा पैसा जातो कुठे?" हेमावतीबाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सांगूनही टाकलं. "आज काय रांधायचं हे ती सकाळी उठून ठरवते. आठवड्याचा बेत आधी करावा. सोमवारी मूग, मंगळवारी पालेभाजी, बुधवारी तूरडाळ. आणि दोन्ही वेळा ताजं, गरम अन्न. शिळंपाकं खाल्लं की आजार होतात, मग औषधात पैसा जातो."

वच्छला बाईंच्या हाताकडे बघत होती. बोटांवर चटक्याचा एक डाग नव्हता. पहाटेचा पहिला भोंगा होण्याआधी ती स्वतः उठायची, नळावर नंबर लावायची, पोरीला पाजायची आणि दुसऱ्या भोंग्याला सूत गुंडाळायच्या खात्यात बॉबिनांपुढं उभी असायची. संध्याकाळी सुटेस्तोवर दिवे लागलेले असायचे. त्यात दोन वेळा ताजं रांधायची वेळ कुठली, ते पत्रकात छापलेलं नव्हतं.

पण तिच्या नवऱ्याला, कुंडलिकला, पत्रक फार आवडलं. तो केम गावच्या शाळेत चार इयत्ता शिकलेला. चाळीत वाचता येणारी माणसं थोडी, त्यामुळे छापलेलं काहीही हातात आलं की तो ताठ व्हायचा. त्यानं पत्रक दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं आणि दोन पावलं मागं सरून बघितलं.

"कशानं चिकटावलंस?" त्याची आई दगडाबाई कोपऱ्यातून म्हणाली.

"खळीनं. पिठाच्या."

"म्हंजी मूठभर पीठ गेलं की," म्हातारी म्हणाली. "लई काटकसरीचा कागुद हाय."

खरं म्हणजे आठवड्याचा बेत त्या घरात वर्षापूर्वीच ठरला होता, आणि तो शेजारच्या शरणम्माकडून आला होता. शरणम्मा अक्कलकोटकडची, बोलताना निम्मं कानडी. तिनं वच्छलेला कडक भाकरी शिकवली. रविवारी दोघी एकच चूल पेटवायच्या, म्हणजे जळण निम्मं लागायचं. ज्वारीचं पीठ मळून, थोडे तीळ लावून, कागदासारखी पातळ भाकरी थापायची. तव्यावर भाजायची. मग निखाऱ्याच्या मंद आचेवर, फडक्यानं दाबत दाबत, तिच्यातलं सगळं पाणी काढायचं. दुपारपर्यंत पापडासारख्या कडकडीत भाकऱ्यांची चवड उभी राहायची. शेंगदाण्याची चटणी उखळात तेल सुटेपर्यंत कुटली की आठवड्याची चिंता संपली. रोज संध्याकाळी एखादं कालवण केलं तर केलं, नाही तर कांदा होताच.

पंधरा दिवसांनी हेमावतीबाई आपल्या उपदेशाचं फळ बघायला आल्या, तेव्हा नेमक्या ह्या दोघी चुलीपुढं होत्या. बाईंनी एक भाकरी उचलली, तुकडा मोडला. कडकन आवाज झाला.

"किती दिवस टिकते ही?"

"म्हैनाभर बी ऱ्हाती," वच्छला म्हणाली.

"आणि खायला वेळ किती लागतो?"

इथं वच्छलेची चूक झाली. एवढ्या मोठ्या घरची बाई आपल्याला काही विचारते आहे, याचा तिला अभिमान वाटला. "धा मिन्टं," ती म्हणाली. "भाकरी मोडायची, चटणी घ्यायची, वर तांब्याभर पानी. झालं जेवान."

ती दहा मिनिटांत का जेवते, हे बाईंनी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. दुपारी तासाची सुट्टी व्हायची. वच्छला चालता चालता भाकरी खायची आणि घरी पळायची. जायला पाव तास, यायला पाव तास. मधल्या वेळात पोरीला पाजायची. खात्यातल्या निम्म्या बायकांचं असंच होतं.

हेमावतीबाईंनी चवडीवरच्या दहाएक भाकऱ्या नोकराकडून बांधून घेतल्या. त्या कुणाच्या वाटणीच्या, ते विचारायचं त्यांना सुचलं नाही.

महिन्याभरात दुसरं पत्रक आलं. कुंडलिकनं ओसरीवर उभं राहून ते मोठ्यानं वाचलं. मथळा होता : 'हेमावतीबाईंची काटकसरी भाकरी.' आत लिहिलं होतं, की बाईंनी पुष्कळ विचार करून कामकरी वर्गासाठी हा पदार्थ योजला आहे.

शरणम्मानं हातातलं सूप खाली ठेवलं. "माझी आज्जी करायची की यव्वा. तिची आई बी करायची. बिचारीला म्हाईतच न्हवतं, ही हेमावतीबाईची हाय म्हनून."

बायका हसल्या. एवढ्यावर भागलं असतं तर वच्छलाही ते हसण्यावारी नेणार होती. शिळं अन्न वाईट, असं सांगणारी बाई दोन महिन्यांच्या आत महिनाभर टिकणारी भाकरी शिकवायला लागली, यापरती करमणूक कुठली. पण पत्रकामागोमाग गिरणीचा कारकून एक कागद घेऊन चाळीत आला. बायकांचे अंगठे हवे होते.

"कशापायी?" वच्छलेनं विचारलं.

"तुम्हाला ही भाकरी सोयीची वाटते, असं लिहिलंय," कारकून म्हणाला. "मोठ्या साहेबांना दाखवायचंय."

तिनं कागद कुंडलिकपुढं धरला. कुंडलिकनं वरच्या दोन ओळी मोठ्यानं वाचल्या, पुढचं अक्षर बारीक आणि वळणदार होतं म्हणून मनातल्या मनात वाचल्यासारखं केलं आणि मान डोलावली. "झ्याक लिवलंय. लाव आंगठा."

तिनं लावला. तिचा बघून बाकीच्या चाळीस जणींनी लावला.

पुढच्या सोमवारी फाटकावर नोटीस चिकटली. बायकांच्या खात्यात जेवणाची सुट्टी आता तासाऐवजी अर्धा तास. कारण : खुद्द कामगार बायकांची विनंती. नव्या आहारामुळे त्यांचं जेवण थोडक्यात उरकतं आणि उरलेल्या वेळात चार बॉबिनं जास्त भरून पगार वाढवायची त्यांची इच्छा आहे.

अर्ध्या तासात घरी जाऊन येता येत नाही. पहिल्या दिवशी वच्छला निम्म्या वाटेवरून परत फिरली. दुपारनंतर तिची छाती दगडासारखी झाली, चोळी भिजली. ती पदर ओढून उभी राहिली आणि मुकादम मुद्दाम दोनदा समोरून गेला. पोर कडेवर घेऊन रोज फाटकापर्यंत चालणं दगडाबाईला झेपणारं नव्हतं. घरी ती पोरीला ज्वारीची पेज चमच्यानं पाजायची, पोर ती थुंकायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वच्छला घरी आली तेव्हा रडून रडून पोरीचा आवाज बसला होता.

कुंडलिक दाराशी बसून होता. "मला कागदावरली ती खालची ओळ लागली न्हाय," तो म्हणाला.

"वाचता येत न्हाय म्हनाला असतास तर काय तुजी पाटीलकी जानार हुती?" वच्छला म्हणाली. "मला येत न्हाय, मी तसं सांगते. माजं काय वाईट झालं?"

त्या रात्री तो मान खाली घालून जेवला.

रविवारी वच्छला आणि शरणम्मा नवी पेठेत गेल्या. हेमावतीबाईंनी त्यांना मागच्या दारी, पायरीवर बसवलं. आतून तुपात काहीतरी तळल्याचा वास येत होता.

"बाई, सुट्टी परत तासाची करा म्हनून सांगा," वच्छला म्हणाली. "तुमचं ऐकत्याल."

"पण विनंती तुमचीच आहे. अंगठे तुमचे आहेत."

"आमाला वाचून दावलं न्हाय कुनी."

"हे बघ, तूच मला म्हणालीस, दहा मिनिटं लागतात. मी माझ्या मनचं काही सांगितलं का? तीस मिनिटं म्हणजे तिप्पट झाली. शिवाय नगावर काम आहे, जास्त भराल तर जास्त मिळेल. मी तुमच्या भल्याचंच केलं."

"आन माजी लेक? तिला कवा पाजू?"

हेमावतीबाईंनी क्षणभर विचार केला. त्या खरोखरच विचार करत होत्या. वच्छलेला त्याचाच जास्त राग आला.

"पाजायच्याही वेळा ठरवून घ्याव्यात," त्या म्हणाल्या. "सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मुलांना सवय लावू तशी लागते. तुमच्या लोकांत बेत म्हणून कशाचाच नसतो, हेच तर मी सांगत आले."

वच्छला उठली. परतताना तिनं बाजार भरभर ओलांडला. मग मधेच थांबली.

"शरणाक्का, बाईनं पयल्यांदा काय सांगितलं हुतं? ताजं खावा, गरम खावा. बुधवारी तूरडाळ."

"मग?"

"मग बुधवारी डाळ करू की. गिरनीपाशी."

दोन दिवस चाळीत आणि शेजारच्या दोन्ही चाळींत कुजबूज चालली. बुधवारी दुपारी सुट्टीचा भोंगा झाला आणि चाळीसेक बायका फाटकाबाहेर आल्या. बाहेर कडुनिंबाखाली दगडाबाई आणि तिच्यासारख्या म्हाताऱ्या आधीच येऊन बसल्या होत्या, कडेवर पोरं, पुढ्यात मडकी. त्या दिवशी कुंडलिकची गिरणीतली पाळी रात्रीची होती. त्यानं तुरकाठ्यांचे चार भारे डोक्यावरून आणून टाकले आणि कुणी न सांगता दगड मांडायला लागला. दहा चुली पेटल्या. डाळ चढली.

सोलापूरच्या विहिरीचं पाणी जड, डाळ लवकर शिजू न देणारं. त्यात डाळ म्हणजे बाजारातली सगळ्यांत जुनी, शरणम्मानं हुडकून हुडकून आणलेली. बायकांनी पोरं पदराखाली घेतली आणि डाळीकडे बघत बसल्या.

अर्ध्या तासानं भोंगा झाला. कुणी उठलं नाही. मुकादम आला, ओरडून गेला. मग मॅनेजर स्वतः फाटकापर्यंत आला.

"हा काय तमाशा आहे?"

"जेवान हाय, सायेब," वच्छला म्हणाली. पोर तिच्या अंगाशी होती, म्हणून ती उठली नाही.

"तुमची ती कोरडी भाकरी कुठं गेली?"

"ती हेमावतीबाईंची हाय. आमी दुसऱ्याचं खात न्हाय. आमी बाईंचा बेत पाळतोय, बुधवारचा."

"आणि हे संपणार कधी?"

"डाळ शिजली की."

मॅनेजरनं एका मडक्यात वाकून पाहिलं. दाणा न् दाणा वेगळा होता. आत विणकामाच्या खात्यात बॉबिनं येईनाशी झाली आणि तिसऱ्या प्रहरी साठ माग बंद पडले. बायका दीड तासानं आत गेल्या, तेव्हा पोरं पोटभर पिऊन झोपली होती.

पत्रकात गुरुवारीही पालेभाजी होती, पण पालेभाजी लवकर शिजते, म्हणून त्यांनी पुन्हा डाळच केली. शुक्रवारी सकाळी फाटकावर नवी नोटीस लागली. ह्या वेळी वच्छलेनं कारकुनालाच ती मोठ्यानं वाचायला लावली. कामगारांच्या आरोग्याचा विचार करून मालकांनी उदार मनानं तासाची सुट्टी मंजूर केली होती. उदार हा शब्द ऐकून शरणम्मा खोकली.

पण खोडसाळपणाबद्दल वच्छलेला पंधरा दिवस कामावर घेतलं नाही. ते पंधरा दिवस घराला जड गेले. चटणीत शेंगदाणे कमी आणि मीठ जास्त झालं, दगडाबाईनं दोन वेळा आपलं पोट बिघडल्याचं सांगून भाकरी परत ठेवली. कुंडलिकनं दारावरचं पत्रक काढलं. ते नीट निघेना, तेव्हा पाणी लावून खरवडलं. वच्छलेनं त्याला खरवडू दिलं.

हेमावतीबाईंनी महिला मंडळाच्या सभेत सांगितलं, की गिरणीतल्या बायकांना शिस्त लावण्यासारखं कठीण काम नाही, तरी आपण प्रयत्न सोडलेला नाही. त्यांना शाल मिळाली. पुढच्या आठवड्यात त्या परटांच्या बायकांना साबणाची काटकसर शिकवायला गेल्या, अशी बातमी शरणम्मानं बाजारातून आणली.

"त्या बायकांना कुनी सांगितलं का, बाईला काय बी खरं सांगू नका म्हनून?" वच्छलेनं विचारलं.

"मी सांगून आले," शरणम्मा म्हणाली.

सोळाव्या दिवशी वच्छला कामावर परतली. मुकादमानं तिला शेवटचं, सगळ्यांत खराब यंत्र दिलं. त्याची सूत गुंडाळणारी दर दुसरी चाती अडकायची आणि सूत तुटायचं. तिनं पदर कमरेला खोचला, तुटलेली टोकं शोधली आणि एकेक करून सांधायला लागली.