दहापासून मोजायचं

एक लाल गादी, पाणी न शोषणारी.

दारात अडकलेलं काहीतरी, आणि कट् असा आवाज.

एकशे वीस.

दूरच्या एका घरातली खिडकी. तिची कड सात वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांहून वीतभर उंच.

फरशांच्या पेट्या आणि टायर, आणि त्यांच्या मधोमध एकटी खुर्ची.

तारेची कडी.

मित्रांनो, हे तुकडे मीच असे विस्कटले आहेत. सरळ क्रमाने सांगायला बसले की माझा जीव अजून घाबरा होतो. मी एक जुनी मोजपट्टी आहे. पोलादी, पिवळी, गोल डबीत गुंडाळून राहणारी. एका यंत्राने माझ्या अंगावर पाच मीटरच्या रेघा छापल्या, दुसऱ्याने मला डबीत कोंबलं, आणि मी एका सुताराच्या हाती आले. त्याची दोन मुलं, थोरली ताई आणि धाकटा, त्याला बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणते. पहिल्या दिवशी बाबांनी मला एका सरळ फळीवर लावून पाहिलं आणि म्हणाले, "खरी आहे." तेवढीच स्तुती माझ्या वाट्याला आली. ती मला जन्मभर पुरली.

बाबा खुर्च्या बनवत. ज्या मुलांची पाठ स्वतःच्या बळावर ताठ राहत नाही, त्यांच्यासाठी. अशी खुर्ची दुकानात मिळत नाही. एक मूल, त्याची मापं, त्याची एक खुर्ची. माप चुकलं तर पाठ त्या चुकीकडेच वाकते. तेव्हा माझ्यावर केवढी जबाबदारी होती, तुम्हीच पाहा.

आणि मग मी मोडले. एके दिवशी माझं टोक दारात सापडलं आणि पहिले तीन सेंटीमीटर गेले. धाकट्याच्या मुठीत मी होते, म्हणून घरात ठरलं की धाकट्याने तोडलं. तोही तसंच मानत मोठा झाला. बाबांनी मला फेकलं नाही. टोकाला तारेची कडी बसवली, नाहीतर मी डबीत गेले असते ती बाहेर आलेच नसते. आणि नियम घातला: दहाच्या रेघेपासून मोजायचं आणि शेवटी दहा वजा करायचे. कार्यशाळेत दिवसातून वीसदा हाक ऐकू येई, "दहापासून रे!"

बाबा गेल्यावर खुर्च्या ताई करू लागली. पत्रं, फोन, पाठवणी हे धाकट्याकडे आलं. त्याच्या हातून काही सांडलं, हरवलं, की ताई म्हणायची, "टोक तोडणाऱ्याकडून दुसरं काय होणार!" तो हसायचा. मला मात्र ते हसू कधी सुखाचं वाटलं नाही.

*

लाल गादीची खुर्ची परदेशातल्या एका मुलीची होती. तिची आई लिहायची, "आत्ताच्या खुर्चीत ती एका बाजूला कलते. खिडकीतून तिला फक्त आभाळ दिसतं. गुडघ्यापासून टाचेपर्यंत एकतीस. लवकर करा, ती वाढते आहे."

ताईने तीन महिने खपून खुर्ची केली. डोक्याला आधार, पायांना फळी. मग खोकेवाले काका आले. त्यांनी पुठ्ठ्याचे सारख्याच मापाचे दोन खोके आणले होते, एक वापरायला आणि एक "असू दे" म्हणून. पहिल्यात खुर्ची बसवून त्यांनी चारही बाजूंनी फोम दाबला.

आता प्रश्न एकच होता. पार्सलने की कार्गोने? पार्सल विमानाने जाई, सहा दिवसांत थेट दारात. पण पार्सलवाल्यांची अट होती: खोक्याची लांबी एकशे वीस सेंटीमीटरच्या आत. त्यावर गेला की मालवाहतूक. विमानाच्या कार्गोला किमान शंभर किलो माल हवा होता आणि खुर्ची होती अठरा किलोची. म्हणजे उरलं जहाज.

धाकट्याने कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन धरला आणि मला खोक्यावर ताणलं.

"साहेब, लांबी सांगा लवकर, गाडी निघतेय आमची," पलीकडचा कारकून म्हणाला.

हाताने सवयीने दहाची रेघ कडेला लावली. दुसऱ्या कडेला आकडा आला तो त्याने तसाच वाचला.

"एकशे अठ्ठावीस."

"मग नाही जायचं. कार्गोवाल्यांना विचारा."

वजा करायचे दहा त्या फोनमध्येच राहिले, मित्रांनो. खोका एकशे अठरा होता. पार्सलने जाऊन वर दोन सेंटीमीटर उरले असते. मी ओरडले असते, पण मला आवाज एकच येतो, सुर्रकन आत जाण्याचा. तो मी केला. कुणी वळून पाहिलं नाही.

"जहाजाने किती दिवस?" ताईने विचारलं.

"बेचाळीस म्हणतायत. कंटेनर भरेपर्यंत दुसऱ्यांच्या मालाची वाट पाहायची."

"बेचाळीस! अरे, ती पोर आहे, कपाट नव्हे. तोवर वाढेल ना ती!"

"मग खुर्चीची पाठ मधे कापून बोल्ट लावू या?"

"आणि बोल्ट मणक्याला टोचला तर? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" ती खोक्याभोवती फिरली. "पण एवढा मोठा कसा झाला हा?"

"काकांना विचार. त्यांनी फोम भरलाय."

"माझ्या फोमला हात लावायचा नाही," काका म्हणाले. "कमी करतो हवं तर. खुर्ची पोचेल, तिचा डोक्याचा आधार मोडून पोचेल."

डोक्याचा आधार, पायांची फळी, फोम, पुठ्ठा, सगळं मिळून किती व्हावं हे कुणालाच तोंडपाठ नव्हतं. आणि मी खोटं बोलेन असं त्या घरात कुणाला वाटत नव्हतं. दुपारी काकांनी खोक्याभोवती लाकडी पेटी ठोकली. चौथ्या दिवशी पेटी गेली. टायर आणि फरशांच्या शेजारी.

*

पहिला दिवस. मी खिळ्यावर.

पाचवा दिवस. ताईने मला उगाचच काढलं, एकतीसवर बोट ठेवलं, परत लावलं.

नववा. आईचा निरोप: निघाली का?

बाराव्या दिवशी धाकटा दुसऱ्या खुर्चीची फळी मोजत होता. "बहात्तर, दहा गेले, बासष्ट," असं मोठ्याने म्हणाला आणि तिथेच थांबला. कोपऱ्यात काकांचा दुसरा खोका पडला होता. त्याने मोजला. पुन्हा मोजला. मग ताईसमोर जाऊन उभा राहिला.

"ताई, खोका एकशे अठरा होता."

ताईच्या हातातला पॉलिश पेपर थांबला.

"मी दहा वजा केले नाहीत. पार्सलने गेली असती. पोचलीसुद्धा असती एव्हाना. बोल की काहीतरी. तेच बोल, टोक तोडणारा."

मीही त्याच वाक्याची वाट पाहत होते. ताईने मला त्याच्या हातातून घेतलं. माझी तारेची कडी अंगठ्याने दोनदा फिरवली. ते वाक्य आलं नाही. ती म्हणाली, "जहाज काही परत वळत नाही. आईला लिही. आजची मापं माग."

आजची मापं आली. गुडघ्यापासून टाचेपर्यंत साडेबत्तीस.

मग ताईने जे केलं ते मी जवळून पाहिलं. बसायची फळी नवी, जरा लांब. पाय टेकायची फळी नवी, तिच्या दांड्यांना एकाखाली एक पाच भोकं, मुलगी वाढेल तशी खाली सरकवायला. प्रत्येक भोक तिने माझ्यावरून तीनदा मोजलं, आणि प्रत्येक वेळी धाकटा शेजारी उभा राहून म्हणे, "वजा दहा." छोटा खोका झाला, सेहेचाळीसचा. तो पार्सलने गेला आणि सहाव्या दिवशी पोचला. आईने लिहिलं की मुलगी त्या फळ्या उशाशी घेऊन झोपते.

खुर्ची मात्र बेचाळिसाव्या दिवशी आली नाही. एका कागदावर एक सही नव्हती. बंदरात ती नऊ दिवस पडून राहिली. त्या नऊ दिवसांत ताईने एकाच फळीला तीनदा रंधा मारला.

एक्कावन्नाव्या दिवशी फोटो आला. लाल गादी. पाय फळीवर, फळी दुसऱ्या भोकात. मुलगी कॅमेऱ्याकडे पाहतच नव्हती. ती खिडकीबाहेर पाहत होती, खाली, रस्त्याकडे.

*

मित्रांनो, धाकट्याने आता नवी मोजपट्टी आणली आहे. तिचं टोक शाबूत आहे. मी खिळ्यावर असते. मला वाईट वाटतं, पण राग येत नाही. तुम्हाला एवढंच विनवते: मोडलेल्या वस्तूची सवय करून घेऊ नका. ती दुरुस्त करा, नाहीतर मोडकी आहे हे रोज स्वतःला सांगा. दूर पाठवायची गोष्ट दोनदा मोजा, आणि मोजताना फोन बाजूला ठेवा. आणि चूक कुणाची हे फार लवकर ठरवू नका.

माझं टोक ताईने दार आपटून तोडलं होतं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि धाकटा चार.