ओर्लिनची सात नाणी

चांदी काळवंडलेली दिसली की माझे हात शिवशिवतात. बत्तीस वर्षं आमच्या लूथरन चर्चमधली वेदीवरची भांडी मी घासते आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, गुलाबी पेस्ट आणि जुन्या फ्लॅनेलचा तुकडा घेऊन. "सोल्वेग, तुझ्यामुळे प्याल्यात तोंड दिसतं," असं आमच्या पास्टरबाई म्हणतात. एवढं कौतुक माणसाला पचत नाही, हेच खरं.

ओर्लिन बॅकन माझा थोरला भाऊ, वय चौऱ्यांशी. लग्न केलं नाही, कुणाचं ऐकलं नाही. फेब्रुवारीत बर्फावर घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि पुनर्वसन केंद्रात जाऊन पडला. हाड जुळलं, वॉकर धरून चालायलाही लागला, पण त्याच्या घराच्या दारात पाच पायऱ्या. थेरपिस्ट मुलीने स्पष्टच सांगितलं, रॅम्प झाल्याशिवाय घरी सोडणार नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या रॅम्पचे सहा हजार डॉलर. मी देते म्हटलं, तर म्हणतो, "तू आधी तुझं गळकं छप्पर बघ. माझी प्रूफ नाणी ला क्रॉस शहरातल्या नाण्यांच्या दुकानात घेऊन जा. भाव काढ आणि विकून टाक. मला घरी मरायचंय, इथल्या जेवणातल्या जेलीसमोर नाही."

प्रूफ नाणी बाजारात फिरवायला पाडत नाहीत, संग्रहासाठी पाडतात. चकचकीत केलेल्या ठशाखाली दोनदा दाबतात, म्हणून त्यांचा पृष्ठभाग आरशासारखा असतो. ओर्लिनकडे पन्नासच्या दशकातले संच होते, नंतरचेही पस्तीस-चाळीस होते, पण खरा जीव छत्तीस ते बेचाळीस सालच्या सात अर्ध्या डॉलरांत. कॉलेजसाठी साठवलेल्या पैशांतून त्याने ते घेतले होते. कॉलेज राहिलं.

निघायच्या आदल्या दिवशी मी डबा उघडला. सातही नाण्यांवर धुरकट, सायीसारखा थर. असली मळकी नाणी नेली तर तो दुकानदार काय म्हणेल? बॅकनांच्या घरात फडकंही नाही? काढली पेस्ट आणि बसले. पाच झाली तेवढ्यात ओव्हनमधली बटाट्यांची हॉटडिश करपल्याचा वास आला, म्हणून दोन वाचली. त्या करपलेल्या बटाट्यांचे माझ्यावर आजन्म उपकार आहेत.

ला क्रॉसचे दुकानदार मिस्टर व्राना वयस्कर, चष्मा कपाळावर. त्यांनी छत्तीसचं नाणं दिव्याखाली तिरकं धरलं, पुन्हा तिरकं धरलं आणि हळूच खाली ठेवलं.

"बाई, हे कुणी पुसलं?"

"मी!" मी छाती पुढे काढून म्हणाले. "केवढा मळ होता त्यावर! आता बघा कसं झालंय."

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. तळ्यावरच्या बर्फात पोरांनी दिवसभर स्केटिंग करावं, तसे बारीक गोल-गोल ओरखडे. सगळीकडे.

"तो थर म्हणजे वय होतं, मळ नव्हता," ते म्हणाले. "पुसलेलं प्रूफ कळायला मला पाच सेकंद लागतात. घेणाऱ्याला तीन."

"किती गेले?"

"सगळं पाहिल्याशिवाय नाही सांगणार."

आणि त्यांनी खरंच सगळं पाहिलं. ते पस्तीस-चाळीस नवे संच, ज्यांच्यात धड जेवणाचे पैसे सुटत नाहीत, तेही एकेक करून. एखाद्यावर टांकसाळीचं अक्षर उमटायचं राहिलेलं असेल तर नशीब उघडतं, म्हणाले. तसं एकही निघालं नाही. दीड तास गेला.

"कालच्या अवस्थेत सहा हजारांच्या थोडं वर. आज सदतीसशे."

मी निर्लज्जपणे म्हणाले, "असं लिहा ना, की ओरखडे आधीपासूनच होते."

"नाही लिहिणार." आवाज अजिबात चढला नाही. "पण भाव मी नाण्याचा काढतो, तुमचा नाही. कागदावर 'पुसलेलं' एवढंच येईल. कुणी पुसलं ते सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा."

मग मागे वळून ते उगीचच कपाट आवरत बसले, माझं नाक शिंकरून होईपर्यंत. पाहणीचे पैसेही घेतले नाहीत. वर म्हणाले, "भावाला विचारून या. घाई करून विकू नका." त्या माणसाचं भलं होवो.

गप्प बसता आलं असतं. ओर्लिनला भिंगाशिवाय काही दिसलंही नसतं. पण वेदीची भांडी घासणारीने भावाशी खोटं बोलायचं म्हणजे फारच झालं. तशीच त्याच्या खोलीत गेले आणि कोट न काढताच सगळं ओकले.

त्याने खिडकीतून पार्किंगकडे बघत विचारलं,

"पाच?"

"पाच."

"छत्तीसचं?"

"सगळ्यात आधी."

"तू लहानपणापासून अशीच. मांजराला अंघोळ घालणारी." मग माझ्याकडे वळला. "सदतीसशेत काय येतं?"

"अ‍ॅल्युमिनियमचा रॅम्प, तिसऱ्या पायरीपर्यंत."

यावर तो हसला. खोकला येईपर्यंत हसला, नर्स धावत आली. मग म्हणाला, "लाकडाचा करू. हॅल्वर सुताराला सांग, तो तेवढ्या पैशांत बसवेल. पण लाकडाचे सल हातात घुसतात, तेव्हा कठडा तू घासायचा. घासायची भारी हौस आहे ना? पॉलिश पेपर माझ्याकडून."

नाणी विकली. हॅल्वरने एप्रिलमध्ये रॅम्प उभा केला आणि मी अकरा दिवस कठडा घासला. खांदा भरून आला, नखं गेली. एवढ्या मनापासून मी देवाचीही भांडी घासलेली नाहीत.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ओर्लिन घरी आला. वॉकर माझ्याकडे दिला आणि दोन्ही कठडे धरून इंचाइंचाने वर चढला. अर्ध्यावर थांबला. मला वाटलं, दमला.

"राग आला होता का रे माझा?" मी खालून विचारलं.

"आला होता ना. चांगले दोन दिवस." त्याने कठड्यावरून तळवा फिरवला. "पासष्ट वर्षं ती नाणी मी कडेनेच उचलली, सोल्वेग. एकदाही बोट लागू दिलं नाही. हा बघ, मुठीत धरता येतो."

आणि घट्ट धरून तो आपल्या दारापर्यंत गेला.