शहरातली सगळ्यात थंड वस्ती

भंडाऱ्याच्या बाजूला, वैनगंगेच्या काठी एक शहर आहे. नाव घेण्यात हशील नाही. तिथली नगरपरिषद फार हळवी आहे. शहराच्या उताराला टिनटोली नावाची वस्ती. तिथलं टीन वैशाखात असं तापे, की छपरावर टेकलेला कावळा उडताना नखं तिथंच सोडून जाई. खोटं वाटत असेल त्यानं वर चढून पाहावं, नखं अजून चिकटलेली आहेत.

अशाच एका टिनाखाली तुळसाचा नवरा डोमा खाटेवर पडून असे. आदल्या उन्हाळ्यात स्लॅब टाकताना त्याला ऊन लागलं, तेव्हापासून डाव्या अंगानं जी रजा घेतली ती कायमची. "यंदा याला ऊन लागू देऊ नका," डॉक्टर म्हणाले होते. ऊन घरातच मुक्कामाला येतं, हे डॉक्टरांना कोण सांगणार?

मग नगरपरिषदेनं ठराव केला: छपरांना ऊन परतवणारा पांढरा रंग फुकट मारायचा, आणि जी वस्ती जास्त तापते तिथं आधी. ठराव इतका न्यायाचा होता, की वाचताना सभापती भय्याजींनी दोनदा चष्मा पुसला. मोजणीचा साहेब घरोघर येणार, असं घंटागाडीच्या भोंग्यानं सांगितलं.

तुळसा कामाला लागली. पोती भिजवून टिनावर टाकली, दारात ओलं लुगडं टांगलं.

"अवो, घर किती तापते तेच तं पाहाले येऊन राहिला तो!" शेजारची धुरपता म्हणाली.

"म्हनून का पावन्याले भाजाचं? पह्यल्यांदा साहेब आपल्या दारात येऊन राहिला. बसाले जागा तं थंडी पायजे!"

हे धुरपतेलाही पटलं. मग सगळ्या टोलीलाच पटलं. टँकरचं साठवलेलं पाणी ड्रममधून निघालं आणि छपराछपरावर गेलं.

साहेब म्हणजे प्रवीण नावाचा पोरगेला माणूस, हातात बंदुकीसारखं यंत्र. खाटेशी बसून त्यानं कैरीचं पन्हं घेतलं. "मावशी, काय गार घर हाये! डोळा लागते मले." तुळसाची छाती फुगली. त्यानं बंदूक वर धरली, आकडा टिपला आणि निघाला.

भय्याजींच्या कॉलनीत मात्र त्याला कोणी दार उघडलं नाही. सगळे आत कूलर लावून झोपलेले. बिचाऱ्यानं बाहेरच्या जिन्यानं चढून उघडी गच्ची मोजली.

आठवड्याभरात कॉलनीच्या गच्च्या बगळ्यासारख्या पांढऱ्या झाल्या. तुळसा नगरपरिषदेत गेली.

"मावशी, मशीन काही जात पाहात नाही," भय्याजी म्हणाले. "सगळ्यायले एकच मशीन. तुमची टोली शहरात सगळ्यात थंडी निघाली, अभिमान बाळगा!"

"ते पानी पावन्यासाठी टाकलं होतं जी."

"मंग रोज टाका."

"रोज कुठून आनावं? टँकर तं एक दिवसाआड येते."

"पानी माझ्या खात्यात नाही."

"मंग पुन्हा मोजा, न सांगता या."

"आता पुढच्या साली."

तिच्या मागोमाग टोलीत एक मोठा फ्लेक्स आला: 'शहरातील सर्वात थंड वस्ती, हार्दिक अभिनंदन', आणि हात जोडलेले भय्याजी, म्हशीएवढे. रात्र सरायच्या आत तुळसानं तो सोडवला आणि डोमाच्या वर टिनावर ताणून बांधला.

"काही फरक?" दुपारी तिनं विचारलं.

"काही नाही," डोमा उरलेल्या अर्ध्या तोंडानं हसला. "पन भय्याजीले ऊन लागून राह्यलं ना, तेवढंच बरं वाटते."

मिरग लागायच्या आधीच डोमा गेला. दुपारी त्याचा घाम थांबला, अंग तव्यासारखं तापलं, आणि ऑटो येईपर्यंत सगळं संपलं.

उन्हानं गेलेल्यांची चौकशी करायला सरकारकडून दोघे जण आले. धुरपतेनं सांगितलं, ऊन लागलं. त्यातला मोठा हसला नाही, रागावलाही नाही. मोबाइलमध्ये वस्तीचं नाव पाहून त्यानं मान हलवली.

"इथं ऊन लागू शकत नाही, बाई. दुसरं काही दुखणं होतं का?"

तुळसा दारात बसली होती. तिनं पाव्हण्यांना बसा म्हटलं नाही.