डाव्या कानाचा कारकून

माणसं ओळखावीत ती आमदारसाहेबांनीच, असं सगळा तालुका म्हणायचा आणि त्या एका गुणावर साहेब पाच वेळा निवडून आले होते. खरी गोष्ट अशी की साहेबांना चेहरे मुळीच लक्षात राहत नसत. सख्खा मेव्हणा मिशी काढून आला असता तर त्यालाही त्यांनी ‘बसा, काय काम काढलंत?’ असं विचारलं असतं. ओळखायचा तो त्यांचा कारकून. रोज सकाळी आठ ते अकरा पुढच्या खोलीत लोकांची रांग लागे. कारकून खुर्चीमागे, साहेबांच्या डाव्या खांद्याशी वाकून पुटपुटे, “प्रेसवाला. नातू झालाय.” साहेब लगेच उभे राहत, “या आजोबा! नातू कुणावर गेलाय?” माणूस तिथेच विरघळे. पंचवीस वर्षांत याची इतकी सवय झाली की कानात पडलेलं तोंडातून बाहेर यायला मध्ये डोकं लागेनासं झालं.

निवडणूक दोन महिन्यांवर असताना कारकून हृदयविकारानं गेला. साहेब ढसाढसा रडले. त्यातलं निम्मं रडणं स्वतःसाठी होतं, हे वेगळं सांगायला नको.

आठवड्यानं ते पुन्हा खुर्चीत बसले. पहिलाच माणूस हसत म्हणाला, “ओळखलंत ना साहेब?” साहेबांनी सवयीनं डावा कान मागे केला. तेवढ्यात डाव्या कानाशी लवंगेचा वास आला. कारकून दिवसभर लवंग चघळायचा.

“गिरणीवाला. मुलगी पहिली आलीय.”

“मुलगी पहिली आली म्हणे! वा!” साहेबांची जीभ बोलून मोकळी झाली. मग त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती आणि भिंतीवर कॅलेंडर. त्या दिवशी त्यांनी चाळीस माणसं ओळखली आणि घरात जाऊन अंगावर दोन पांघरुणं घेतली.

पुढच्या सोमवारी कान म्हणाला, “शिंपी. बायको गेली.”

“फार वाईट झालं,” साहेबांनी त्याचा हात धरला. “वहिनी गेल्याचं कळलं.”

“काहीतरीच काय साहेब! बाहेर रिक्षात बसलीय ती.”

सगळे हसले. शुक्रवारी कपडे वाळत घालता घालता शिंप्याची बायको कोसळली, ती उठलीच नाही. त्यानंतर पोस्टमनच्या भावाचंही तसंच झालं. मग एकदा “मास्तर. आई गेली,” असं ऐकू आलं, तेव्हा साहेबांनी ओठ आवळून धरले आणि नुसतं “बरंय ना?” विचारलं. मास्तरांची आई ठणठणीत राहिली. आणखी एकदा त्यांनी तसंच करून पाहिलं. बोललं तर घडतं आणि गिळलं तर टळतं, हे त्यांना कळून चुकलं.

त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “अहो, त्या कानात कापूस घाला आणि घरी बसा. पाच वेळा झालात की आमदार. उद्या आपल्याच माणसाचं काही बोलून बसलात म्हणजे?”

साहेबांनी एक दिवस कापूस घातला. त्या दिवशी त्यांनी नगराध्यक्षांना नळ दुरुस्तीवाला समजून मोरीकडे पाठवलं. दुसऱ्या सकाळी त्यांनी कापूस काढून टाकला. “मतदान होऊ दे,” ते आरशात बघून म्हणाले, “जीभ माझी आहे, मी सांभाळीन.” दोन माणसं जिवानिशी गेली होती आणि या गृहस्थाला खुर्ची सुटत नव्हती!

गावात कुजबुज सुरू झाली होती. लोक आता साहेबांच्या डोळ्यांकडे बघत नसत, ओठांकडे बघत. तरी मतं मात्र भरभरून पडली. उगाच वैर कशाला, असा हिशेब प्रत्येकानं केला असावा.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यापासून खोलीपर्यंत रांग होती. कानात सगळं गोडच येत होतं. नोकरी लागली, घर बांधलं, जुळं झालं. साहेबांची जीभ कितीतरी दिवसांनी सैल सुटली. ते इकडे हात मिळवत होते, तिकडे पाठ थोपटत होते. समोर चष्मा लावलेली, केस बारीक कापलेली एक बाई आली.

“नर्स. सात वर्षांनी आलीय. नवरा गेला.”

“सात वर्षांनी आलात, आणि तेही अशा वेळी,” साहेबांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. “नवरा गेल्याचं कळलं. फार वाईट झालं.”

बाई खळखळून हसली.

“बाबा, अहो मी! जावई खाली गाडी लावतोय तुमचा. आईला म्हटलं होतं, सांगू नकोस, बघू ओळखतात का.”

साहेबांनी तिचे हात घट्ट धरले, सोडेचनात. रांगेतली माणसं एकेक करून भिंतीला चिकटली आणि जिन्यापर्यंतची वाट मोकळी झाली.

“असं काय बघताय सगळे माझ्याकडे?” ती अजून हसतच होती.