ताईंचा पाठ

कमाल आहे! माझ्या भाचीची शिक्षक व्हायची परीक्षा, तिचा विषय ‘सगळ्यांना सामावून घेणारा वर्ग’, आणि परीक्षकबाई यायच्या आधीच आमच्या हेडमास्तरांनी माझ्या वर्गातली सात पोरं उचलून नकाशांच्या खोलीत नेऊन बसवली. कुणी घरी वेगळीच भाषा बोलणारं, कुणी एका कानानं कमी ऐकणारं, कुणी वर्षाच्या मधेच दाखल झालेलं. "पाठ होईपर्यंतच हो," म्हणे. "तुमच्याच भाचीचे मार्क वाढतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी भाची महिनाभर याच पोरांसाठी जीव तोडून राबत होती. त्यातली चिमणी तर आल्यापासून तोंडाला कुलूप लावून बसलेली. भाचीनं तिच्याकडून तिच्या भाषेतले पाऊस, ढग, नदी असे शब्द शिकून घेतले, तेव्हा कुठे ती खुदकन हसली.

भाची वर्गात आली, मागचे रिकामे बाक बघितले आणि परीक्षकबाईंच्या देखत म्हणाली, "मावशी, माझी पोरं कुठायत?" उत्तराची वाटही न बघता एकेक खोली धुंडाळत गेली आणि सगळ्यांना घेऊन आली.

ढगांचा पाठ रेंगाळला. या पोरांना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागली. गोंगाटही झाला. पण चिमणी फळ्यापाशी गेली, ढग कसा होतो ते आपल्या भाषेत घडाघडा बोलली, आणि तिच्या शेजारच्या पोरानं ते आमच्या भाषेत सगळ्यांना समजावलं. मला तर रडूच आलं.

परीक्षकबाईंनी शेरा दिला: वर्गावर ताबा नाही, पाठ अपुरा. नापास! मी कडाकडा भांडले. "अहो बाई, विषय काय होता तुमचा?"

"विषय उत्तमच होता. वेळेत बसला नाही."

घ्या!

पुढच्या महिन्यात फेरपरीक्षा. तीही हुकली तर भाचीचं वर्ष वाया. या वेळी मी दारातच उभी राहिले. म्हटलं, बघतेच, हेडमास्तर एका तरी पोराला कसे हलवतात ते.

हेडमास्तर आलेच नाहीत. चिमणीच उठली. तिनं दप्तर उचललं. तिच्यामागून बाकीचे सहा, आवाज न करता, रांगेत. माझ्यापाशी येऊन ती आमच्या भाषेत, अगदी स्वच्छ म्हणाली, "आम्ही नकाशांच्या खोलीत बसतो. ताई पास झाल्या पाहिजेत."

एवढी एकच गोष्ट आम्हाला त्यांना दोनदा सांगावी लागली नाही.