पहिल्या फेरीचा नियम

माझ्या सासऱ्यांनी माझ्या नवऱ्याच्या, सम्यकच्या, मोटरसायकलला सेंटर स्टँड बसवायला घेतला, त्या रविवारी मी स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आपटत होते. बोलायची सोय नव्हती. बोललं की सम्यक म्हणणार, तुला बाबांचं काही चांगलं दिसतच नाही.

चांगदेव फिटर म्हणजे माझे सासरे. सगळी नोकरी ठाण्यात, खोपटच्या एसटी डेपोत गेली. त्यांचा हात लागलेली बस घाटात दगा द्यायची नाही, असं त्यांचे जुने सोबती अजून सांगतात, आणि ते खरंच असणार. पण गेल्या उन्हाळ्यापासून बाबांचं काहीतरी निसटत चाललं होतं. गॅसवर दूध ठेवायचे आणि खाली फिरायला निघून जायचे. एका सकाळी डबा घेऊन आमच्या टिटवाळा स्टेशनवर सापडले, ड्युटीला निघालेले. परवा मला म्हणाले, "जाईला सांग गं, चहा टाक." जाईबाई, माझ्या सासूबाई, जाऊन दोन वर्षं झाली. मी चहा टाकला आणि ओट्याला धरून उभी राहिले.

सम्यकला सांगितलं तर हसला. "वय झालंय त्यांचं. सवयीने बोलतात. तू उगाच डॉक्टर होऊ नको."

त्याला कळत नव्हतं असं नाही. कळून घ्यायचं नव्हतं.

स्टँडची गरज होती, हे मी नाकारत नाही. आमच्या नव्या बिल्डिंगच्या पार्किंगला फरशी बसवायचं बिल्डरच्या अजून मनात आलेलं नाही. सम्यकने हौसेने घेतलेली ती अवजड गाडी साइड स्टँडवर उभी केली की स्टँड मातीत रुतायचा आणि गाडी आडवी व्हायची. मेकॅनिककडे नेऊ या म्हटलं तर बापलेक दोघेही माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी घरात स्वयंपाक असताना बाहेरून डबा मागवलाय.

चहा घेऊन खाली गेले तेव्हा बाबा जुना खाकी शर्ट घालून गाडीशेजारी पोत्यावर बसले होते. माझं स्टीलचं ताट रॉकेलने भरलेलं, त्यात नटबोल्ट. म्हणजे ताटही गेलं. पण बाबांचा आवाज ऐकला आणि मी थांबले. इतका खणखणीत आवाज कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

"हा बघ दांडा," ते सम्यकला सांगत होते. "स्टँड याच्यावर फिरतो. आणि या टोकाला पिन. पिन नसली की प्रत्येक खड्ड्याला दांडा थोडा थोडा सरकतो. मग चालत्या गाडीत स्टँड एका बाजूने खाली पडतो, रस्त्यात अडकतो, आणि गाडी माणसाला उचलून फेकते. एवढीशी पिन असते. तिच्यावर माणूस असतो."

त्यांनी चहा घेतला. तेवढ्यात सम्यकला ऑफिसचा फोन आला, तो गेटपर्यंत बोलत गेला. बाबा कप हातात धरून स्टँडकडे बघत राहिले. बराच वेळ. सम्यक परत आला तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठपर्यंत आलेलो रे आपण?"

"स्प्रिंग राहिली, बाबा."

"हां. स्प्रिंग."

ती स्प्रिंग म्हणजे महाकर्मकठीण प्रकरण. सम्यकने दोन्ही हातांनी ओढली तरी हुकाला पोचेना. बाबांनी माझ्याकडून सुटी नाणी मागितली. स्प्रिंग वाकवून वेढ्यांच्या फटींत एकेक नाणं सरकवत गेले, इकडून, मग तिकडून. बघता बघता स्प्रिंग लांबली आणि हुकात अलगद बसली. मग त्यांनी पायाने स्टँड खाली दाबला, तशी नाणी टपाटप मातीत पडली. सम्यकने शिट्टी मारली. मीसुद्धा हसले. त्या क्षणी मला वाटलं, आपणच वाईट आहोत. या माणसाला काय झालंय?

"आता शीक," बाबा मला म्हणाले. "गाडी हाताने उचलायची नाही. आधी स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकव. कान दे. दोन्ही एकदम टेकले की एकच आवाज येतो. मग सगळं वजन घेऊन पायावर उभी राहा. गाडी आपोआप वर येते."

टक. एकच आवाज आला. मी उभी राहिले आणि माझ्या चौपट वजनाची ती गाडी मुकाट वर चढली. मला भारीच गंमत वाटली.

संध्याकाळी ताट घासायला घेतलं. रॉकेलच्या गाळात बोटाला काहीतरी टोचलं. काढून पाहिलं तर पिन.

मी ती पुसून बाबांसमोर धरली. "बाबा, ही राहिली का?"

त्यांनी पिनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी शोधल्यासारखं आलं आणि गेलं. "जास्तीची असेल."

"पण सकाळी तुम्हीच..."

"जास्तीची आहे म्हटलं ना! मी पिन विसरेन? मी?" आवाज एवढा चढला की शेजारचं दार उघडलं. सम्यक आतून आला. "प्रीती, बस कर."

खोलीत आमचं जुंपलं. मी म्हटलं, खाली जाऊन एकदा बघून ये, एवढंच मागतेय. तो म्हणाला, "बाबांच्या कामावर मी टॉर्च मारू? त्यांना कळलं तर काय वाटेल?"

"आणि तुला काही झालं तर मला काय वाटेल?"

"काही होत नाय. झोप."

मग मीच मोबाइलची टॉर्च घेऊन खाली गेले. सायलेन्सर, चेन, काळंकुट्ट ग्रीस. त्या अंधारात कुठलं टोक कशाचं, मला ढिम्म कळलं नाही. पिन मुठीत धरून मी वर आले आणि रात्रभर कूस बदलत राहिले. सम्यकही जागाच होता. पाठ करून.

सकाळी तो ठाण्याला गाडीनेच निघणार होता. मी पिन मुठीत घेऊन त्याच्या मागोमाग उतरले. बाबा वॉचमनच्या खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. सम्यकने गाडी स्टँडवरून उतरवली, मातीतल्या खड्ड्यांतून आदळत गेटजवळच्या सिमेंटच्या पट्ट्यावर नेली आणि बॅग बांधायला पुन्हा स्टँडवर घेतली.

टक... टक.

दोन आवाज. एक पाय आधी टेकला, दुसरा मागून. मला ऐकू आले, तसे सम्यकलाही आले, कारण त्याचा हात बॅगेच्या पट्ट्यावर थबकला. पण त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पट्टा आवळला, गाडी खाली घेतली आणि सुरू केली.

पुढे शहाडचा पूल, मग कल्याणपासून ते खड्डे, शेजारून घासून जाणारे ट्रक. ओरडून हा थांबणार नव्हता. आणि मला देवराम उस्ताद आठवले.

देवराम उस्ताद म्हणजे बाबांना काम शिकवणारे. मी त्यांना कधी पाहिलं नाही, पण जेवताना त्यांचा नियम इतक्यांदा ऐकलाय की झोपेत म्हणेन. ज्याने काम केलं, त्याने गाडीच्या पहिल्या फेरीला बसायचं. ब्रेक तू बसवलास ना, मग घाट तू उतर. बाबांनी तो नियम रिटायर होईपर्यंत पाळला.

"बाबा," मी मोठ्याने म्हटलं, "आज पहिली फेरी. काम ज्याचं तो बसतो ना?"

"वेडी आहेस का?" सम्यक खेकसला. "बाबांना या वयात मागे बसवू?"

"का? काम पक्कं आहे ना?"

त्याचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला. आणि बाबा उठले. पेपरची नीट घडी करून खुर्चीवर ठेवली. मी गाडीला अडकवलेलं दुसरं हेल्मेट पुढे केलं, ते त्यांनी घातलं. एकाला अडवायला गेले आणि दोघांना बसवतेय की काय? आता सम्यकने हट्टाने गाडी काढली तर मी काय करणार होते?

बाबा गाडीजवळ आले, पण बसले नाहीत. गाडीभोवती एक चक्कर मारली, डेपोत बसभोवती मारत असतील तशी. मग सायलेन्सरच्या बाजूने गुडघ्यावर वाकले आणि मान तिरकी करून खाली बघितलं.

उठले तेव्हा चेहरा कडक झाला होता.

"कोणी बसवलाय हा स्टँड?"

सम्यकने इंजिन बंद केलं.

"पिन नाय याला. दांडा आत्ताच बाहेर सरकायला लागलाय, दिसत नाय कोणाला? शहाडचा पूल पण गाठायची नाय ही गाडी. कोण होता कामावर? बोलव त्याला. माझ्यासमोर उभा कर."

सम्यक त्यांच्या हातांकडे बघत होता. नखांत कालचं ग्रीस अजून तसंच होतं. मी बरोबर ठरले होते, पिन माझ्या मुठीत होती, आणि मला रडू आवरेना.

"बोल ना. कोण होता?"

"तो..." सम्यकने गाडीची चावी काढून घेतली. "तो आज आला नाय, बाबा."

"आला की आधी माझ्याकडे पाठव," बाबा म्हणाले. "त्याला म्हणावं, आता घरी बस. हत्याराला हात लावू नको. कोणाचं तरी पोरगं जाईल तुझ्या हातून."

आणि हेल्मेट न काढताच ते परत खुर्चीत जाऊन बसले.