नळीत अडकलेला घास

आमच्या ह्यांच्या पोटाला नळी आहे. अर्धांगाचा झटका आल्यापासून गिळताना घास छातीत जायला लागला, म्हणून पोटाला भोक पाडून ती बसवली. घरी आल्या आल्या ह्यांनी मला जड जिभेनं बजावलं, "परत हॉस्पिटलात नेलंस तर बोलणार नाही." जसे काही आधी फार बोलत होते.

नळीचं सगळं सून बघते. डब्यातली पावडर मापानं पाण्यात कालवायची, पिचकारीनं हळूहळू सोडायची, आधी आणि नंतर कोमट पाणी. शाळेत मी फारशी गेले नाही, पण बघून बघून तेवढं मलाही येतं.

परवा नणंदबाई राहायला आल्या. भावाचं जेवण बघून त्यांचा चेहराच पडला. "पाणी पाजता माझ्या भावाला?"

"वन्सं, त्याला माप असतं."

"माप परक्याला लावावं."

सून कामावर गेलेली. मी आंघोळीला गेले तेवढ्यात बाईंनी पावडर दुप्पट घातली, वर गोळ्याही कुटून त्यातच. का, तर पोटात जाऊन सगळं एकच होणार. पोटात गेलं तर ना. सगळं नळीतच बसलं.

मी बाहेर आले तर बाई दोन्ही हातांनी पिचकारी रेटतायत.

"सोडा. तो सायकलचा पंप नाही."

त्यांनी केसातली पिन काढली. "जरा टोचून बघते."

"टोचायला माझी जीभ आहे. पिन ठेवा."

सुनेला फोन लावला, स्पीकरवर टाकला. "आई, जोर लावू नका. कोमट पाणी घ्या, पिचकारी हलकेच मागंपुढं करा. नाही सरलं तर नळीला चिमटा लावून थोडं थांबा, मग परत. गोळ्यांचं मी डॉक्टरांना विचारते. तरी नाहीच झालं तर मात्र हॉस्पिटल."

शेवटचा शब्द ह्यांनी बरोबर ऐकला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी बसले. ओढ, सोड. पाणी जागचं हलेना. चिमटा लावून थांबले.

"रागवा तरी मला," वन्सं म्हणाल्या.

"नंतर. आत्ता हात गुंतलेत."

परत ओढलं तशी पिवळट गाठ वर आली, आणि मागून पाणी आपसूक खाली उतरलं. हुश्श करून तिथंच खाटेला टेकले.

संध्याकाळी वन्संनी स्वतः पावडर मापली, चमच्यावरची सुरीनं सपाट केली. "एवढीच?"

"एवढीच."

हे उशांना टेकून बसले होते. पिचकारी रिकामी झाली तसे म्हणाले, "मीठ कमी आहे."

ह्या वाक्यावर मी जन्मभर भांडी आपटली. आज हसू आवरेना. वन्सं लगेच स्वयंपाकघराकडे बघायला लागल्या.

"शोधू नका," मी म्हटलं. "मिठाचा डबा लपवलाय."